दोन तबकड्यांचं व्याख्यान

लातूरचा जिल्हा झाला तेव्हा गावात तीन गोष्टी आल्या: कलेक्टर, लाल दिव्याची गाडी आणि वसंत व्याख्यानमाला. पहिल्या दोन सरकारनं दिल्या. तिसरी अमृतराव देशमुखांनी आणली, कारण त्यांच्या मते व्याख्यानमाला नसलेला जिल्हा म्हणजे नुसता फुगलेला तालुका. पाणी मात्र जिल्ह्याबरोबर यायचं राहून गेलं. शहाऐंशीच्या मे महिन्यात शिक्षक कॉलनीत चौथ्या दिवशी टँकर यायचा, आणि आला की दहावीच्या निकालाला होत नाही एवढी गर्दी व्हायची.

याच कॉलनीत शेषेराव सोनकांबळे राहत. हायस्कुलात इंग्रजीचे शिक्षक, मूळचे रेणापूरकडचे, वय शेहेचाळीस. अमृतरावांचं घर तिथून तिसरं. अमृतरावांना शेषेरावांची आठवण वर्षातून दोनदा हटकून यायची, चौदा एप्रिलला आणि सहा डिसेंबरला. “सर, बाबासाहेबांवर अर्धा तास बोला,” असा निरोप यायचा आणि शेषेराव बोलायचे. त्याची त्यांना तक्रार नव्हती. बाबासाहेबांवर ते शेवटच्या श्वासापर्यंत बोलले असते. पण वर्षाचे उरलेले तीनशे त्रेसष्ट दिवसही आपल्याला थोडंफार काही कळतं, हे गावात कुणाच्या डोक्यात येत नव्हतं. त्यांना गाणं कळायचं. घरात चारशे तबकड्या होत्या, नंबर टाकून, तारखेवार. त्याबद्दल त्यांना कधी कुणी एक अक्षर विचारलं नाही, आणि हे त्यांना सलत होतं. सलतंय हे ते कुणाला सांगत नसत. फक्त पंचशीलाबाईंना सांगत, आठवड्यातून चारदा.

त्या वर्षी व्याख्यानमालेचं तिसरं पुष्प गुंफायला नांदेडचे एक प्राध्यापक यायचे होते. नांदेडला गोदावरी आहे, त्यामुळं तिथल्या माणसाला आंघोळीची सवय असते. त्यांचं पत्र आलं की, मुक्कामी दोन बादल्या पाण्याची हमी असेल तरच येतो. अमृतरावांनी एका बादलीपर्यंत घासाघीस केली आणि प्राध्यापक गळाले. त्या संध्याकाळी अमृतराव शेषेरावांच्या ओसरीवर येऊन बसले.

“सर, एक दिवस रिकामा पडलाय. तुमच्या पाव्हण्या-रावळ्यांत कुणी वक्ता हाय का?”

“मी हाय की,” शेषेराव म्हणाले.

“वा! मग बाबासाहेबांवर...”

“न्हाई. ब्रेकबीटच्या उगमावर बोलतो.”

अमृतरावांनी मान डोलवली. कळलं नाही की ते मान डोलवायचे, ही त्यांची जुनी सवय.

आता हे ब्रेकबीट शेषेरावांच्या घरात शिरलं कसं, ते सांगायला हवं. पंचशीलाबाईंचा धाकटा भाऊ नरसिंग मालवाहू जहाजावर नोकरीला होता. जहाज न्यूयॉर्कला अकरा दिवस अडकलं, तेव्हा बंदरावरचा एक हमाल त्याला ब्राँक्स नावाच्या वस्तीत घेऊन गेला. तिथं रस्त्यावर जे वाजत होतं ते नरसिंगनं कॅसेटवर भरून पाठवलं, सोबत आठ पानी पत्र. अर्धी वस्ती जळालेली. शहरातल्या झकपक नाचाच्या क्लबांत ह्या काळ्या पोरांना दारातूनच परत पाठवायचे, बूट बघून आणि तोंड बघून. मग पोरांनी आपल्याच इमारतींच्या तळघरांत आणि बागांत आपले क्लब उभे केले. त्यांतल्या एकाच्या ध्यानात आलं की, लोक सगळं गाणं एका क्षणासाठी ऐकतात. गाणारा दम घेतो, बाकीची वाद्यं थांबतात आणि चार-पाच सेकंद नुसता ताल उरतो, तेव्हा सगळे नाचायला उठतात. त्या पठ्ठ्यानं काय केलं, एकाच तबकडीच्या दोन प्रती घेतल्या आणि दोन मशिनींवर लावल्या. ह्या मशिनीवर तुकडा संपला की त्या मशिनीवर तोच तुकडा, तोवर ही मागं फिरवून ठेवायची. चार सेकंदांचा ताल पाच पाच मिनिटं. हेच ते ब्रेकबीट. तेरा वर्षांपूर्वीची ही गोष्ट, आणि आता म्हणे सगळी दुनिया त्यावर नाचत होती.

शेषेरावांनी ती कॅसेट महिनाभर ऐकली.

“आवो, अडकलीय का ती?” पंचशीलाबाई स्वयंपाकघरातून म्हणायच्या. “कवाधरनं एकच एक वाजून राहिलंय.”

“अडकली न्हाई. त्यांनी मुद्दाम अडकवलीय. तीच तर कला हाय.”

“मग माझी शिलाई मशीनबी कलाकारच म्हणायची.”

तर असा विषय. अमृतरावांनी तो शांतपणे ऐकून घेतला. “विषय लई भारी हाय सर. पण दुष्काळात नाचगाणं म्हणलं की लोक नावं ठेवतील. त्यात जरा आपल्या समाजाचं घाला. शोषण, वेदना, तसलं. तुमच्या तोंडी ते शोभतंबी.”

“मी संगीतावर बोलणार हाय,” शेषेराव म्हणाले, आणि पुढं अभिमानाच्या भरात जोडून टाकलं, “आणि सप्रयोग बोलणार हाय.”

‘सप्रयोग’ हा शब्द तोंडातून गेला आणि शेषेरावांचा महिना वाया गेला. प्रयोगाला एकाच तबकडीच्या दोन प्रती लागतात. शेषेरावांकडं चारशे तबकड्या होत्या आणि चारशेही वेगवेगळ्या. एकच वस्तू दोनदा विकत घेणारा मास्तर अजून जन्माला यायचाय. त्यांनी कॉलनी पालथी घातली. समोरचे किराणावाले विरूपाक्षप्पा मनापासून विचार करून म्हणाले, “सर, एवढा तरास कशाला? एकच मधून कापा की. दोन होतात.” शेषेराव घरी आले आणि पंचशीलाबाईंवर रागावले, कारण विरूपाक्षप्पांकडं उधारी होती.

शेवटी डोक्यात प्रकाश पडला. एकच तबकडी गावात दोघांकडं असणारच, कारण गावात लाउडस्पीकरवाले दोन होते आणि नवरीच्या पाठवणीचं ते एक रडकं गाणं वाजवल्याशिवाय लातुरात लग्न लागत नव्हतं. त्या गाण्यात दुसऱ्या कडव्यानंतर बाई हुंदका आवरते, तेवढ्यात ढोलकीचा चार मात्रांचा असा झकास तुकडा होता की शेषेरावांनी त्यापायी कित्येक लग्नांत जेवण थंड केलं होतं.

अडचण एवढीच की, दोन्ही लाउडस्पीकरवाले एकमेकांचं तोंड बघत नव्हते. तारामती साउंड सर्विसचा व्यंकटी आणि सिद्धेश्वर लाउडस्पीकरचा खुद्द सिद्धेश्वर. जिल्हा झाला त्या दिवशी आपलाच कर्णा वाजला असं दोघंही सांगत, दोघांच्या पाट्यांवर ‘जिल्हा स्थापनेचे मानकरी’ असं एकाच पेंटरनं लिहिलं होतं. त्यावरून चार वर्षं बोलचाल बंद होती. शेषेरावांनी दोघांना वेगवेगळं गाठलं, दोघांना चहा पाजला, दोघांना कार्यक्रमाचे मानकरी म्हटलं, आणि तालमीला दोघं समोरासमोर आल्यावर दोघांच्याही शिव्या खाल्ल्या.

तालीम म्हणजे आगीतून फुफाट्यात. व्यंकटीच्या मशिनीवर तुकडा संपला की त्यानं सुई उचलायची आणि सिद्धेश्वरनं टेकवायची, इतकं सोपं काम.

“उचल!” शेषेराव ओरडले.

“माझी तबकडी आजवर कुणाच्या लग्नात मधीच थांबली न्हाई,” व्यंकटी म्हणाला. “थांबायचं तर त्याच्या तबकडीनं थांबावं.”

“त्याला म्हणावं, माझी अजून चालूच झाली न्हाई,” सिद्धेश्वर भिंतीकडं बघून म्हणाला.

तुकडा नेमका कुठं सुरू होतो ते कळावं म्हणून शेषेरावांनी सिद्धेश्वरच्या तबकडीवर खडूनं बारीक खूण केली. शिक्षकाच्या खिशात खडू असतोच. ती बघून सिद्धेश्वर आपलं लेकरू भाजल्यासारखा किंचाळला. व्यंकटीला त्याहून वाईट वाटलं, की खूण आधी त्याच्या तबकडीला का नाही केली. मग त्याच्या तबकडीवर जरा मोठी खूण करावी लागली. असं चार दिवस चाललं. घरी शेषेराव झोपेतही “उचल, टेकव” म्हणायचे, असं पंचशीलाबाईंनी नंतर सगळ्या कॉलनीला सांगितलं.

मग परवाना. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात, इथं तर लग्नही नव्हतं. अर्जात ‘कार्यक्रमाचे स्वरूप’ असा रकाना होता. शेषेरावांनी प्रामाणिकपणे लिहिलं, ‘एकाच गाण्याच्या दोन प्रती आलटून पालटून वाजवणे’. खिडकीतल्या कारकुनानं ते दोनदा वाचलं.

“एकच गाणं दोनदा कशाला? लोकायला पहिल्यांदा ऐकू येत न्हाई का?”

“तो संगीताचा प्रकार हाय.”

“असंल. पण दोन मशिनी म्हणजे दोन परवाने, आणि एका कार्यक्रमाला दुसरा परवाना द्यायचा दाखला नव्या जिल्ह्यात अजून न्हाई. जुनी फाइल जुन्या जिल्ह्याला राहिली. तिथून मागवावी लागंल.”

“कधी येईल?”

“जिल्हा होऊन चार वर्ष झाले,” कारकून म्हणाला, “अजून पंखे आले न्हाईत.”

मार्ग व्यंकटीनं काढला. त्याच्याजवळ त्याच तारखेचा एक परवाना पडून होता. चाकूरकडच्या एका वऱ्हाडानं पाण्याअभावी लग्न पुढं ढकललं होतं. तो कागद चालवून घेतला. त्यामुळं सरकारी दप्तरात त्या संध्याकाळी नगर वाचनालयात एक व्याख्यान आणि एक विवाह अशी दुहेरी नोंद झाली. बंदोबस्ताला आलेला शिपाई शेवटपर्यंत पुढच्या रांगेत बसून नवरीची वाट बघत होता.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी पत्रकं छापून आली. शेषेरावांनी चष्मा लावून वाचलं: ‘तिसरे पुष्प. वंचितांच्या वेदना, संगीत व दुष्काळ. वक्ते: दलित विचारवंत शेषेराव सोनकांबळे. अध्यक्ष: वीज खात्याचे मोठे साहेब.’ ब्रेकबीट कुठं नव्हतं. उगमही नव्हता.

शेषेराव पत्रक घेऊन तडक तिसऱ्या घरी गेले. “अमृतराव, हे काय?”

“सर, ‘ब्रेकबीट’ म्हणून नेऊन दिलं तर छापखानेवाला म्हणला, मोटारीच्या ब्रेकवर व्याख्यान हाय का. आता मथळ्याला काय घेऊन बसता? तुम्ही आपलं बोला. जागा तुमचीच हाय.”

जागा तुमचीच आहे, या वाक्यावरचं उत्तर शेषेरावांना परतताना सुचलं. घरी येऊन त्यांनी ते पंचशीलाबाईंना ऐकवलं.

“हे तिकडं बोलायचं व्हतं,” त्या म्हणाल्या. “मला काय सांगता? मला पटलेलंच हाय.”

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी साडेसहाला वाचनालयाचं पटांगण भरलं. टँकर येऊन गेला होता, घराघरांत पाणी होतं, त्यामुळं माणसं धुतलेल्या तोंडांनी आणि बऱ्या मनानं बसली होती. वीज खात्याचे साहेब मधोमध, डाव्या टेबलाशी व्यंकटी, उजव्या टेबलाशी सिद्धेश्वर, दोघांची पाठ एकमेकांकडं. अमृतरावांनी प्रास्ताविकात शेषेरावांच्या समाजानं भोगलेल्या दुःखावर वीस मिनिटं घालवली. एकाही तबकडीचा उल्लेख केला नाही.

मग शेषेराव उठले. ब्राँक्स आल्यावर त्यांचा आवाज सुटला. जळक्या इमारती सांगितल्या, क्लबाच्या दारातून हाकललेली पोरं सांगितली. पोरांनी नाचाला वीज कुठून आणली, तेही सांगितलं. “रस्त्यावरच्या दिव्याच्या खांबाला तार लावली, मंडळी! आपण ज्याला आकडा म्हणतो तो. हे सगळं संगीत आकड्यावर उभं राहिलं!” लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. साहेब अध्यक्षीय खुर्चीत जरा सरकून बसले.

प्रयोगाची वेळ आली. व्यंकटीची सुई टेकली, ढोलकी वाजली, तुकडा संपला, आणि व्यंकटीनं सुई उचलली नाही. बाई पुढं रडत राहिली. सिद्धेश्वरनं चिडून आपली सुई टेकवली, तीही बाई रडू लागली. दोन नवऱ्या वेगवेगळ्या वेळी सासरी निघाल्या. शिपाई आशेनं उठून उभा राहिला. “उचल!” शेषेराव दात ओठ खाऊन म्हणाले, आणि तेवढ्यात वीज गेली.

वीज जायचीच होती. वेळापत्रकात होती, आणि वेळापत्रकावर सही साहेबांची होती. पटांगण अंधारलं, लोक चुळबुळ करू लागले. शेषेराव डोकं धरून बसले. पण दोन मिनिटांत दोन्ही मशिनींचे लाल दिवे पुन्हा लागले. व्यंकटी मंचावर धापा टाकत परत आला होता. “चला सर, झाली सोय,” तो म्हणाला. आणि त्या सोयीच्या आनंदात तो भांडण विसरला असावा, कारण या वेळी त्यानं वेळेवर सुई उचलली. सिद्धेश्वरनं टेकवली. व्यंकटीनं मागं फिरवली. उचल, टेकव. उचल, टेकव. बाई गप्प झाली, उरली नुसती ढोलकी. एकदा, चारदा, दहादा. पटांगणातली कुजबुज थांबली. पोरांचे पाय हलू लागले, म्हाताऱ्यांच्या माना हलल्या, बायकांच्या बाजूला कुणीतरी टाळी धरली. साहेबांचा बूटसुद्धा ताल धरत होता. शेषेरावांच्या डोळ्यांत पाणी आलं. नरसिंगनं आठ पानांत लिहिलेलं सगळं लातूरच्या लोकांना अर्ध्या मिनिटात कळलं होतं.

मग साहेबांचा बूट थांबला. सगळा गाव अंधारात असताना ही वीज कुठली, हा विचार त्यांच्या मनात आला होता.

ते उठले आणि तारेच्या मागं मागं गेले. तार भिंतीवरून उतरून कलेक्टर कचेरीच्या, कधीच वीज न जाणाऱ्या फिडरवरच्या खांबाला पोचली होती, आकड्यासकट. साहेब तापले. वायरमनला बोलावणं गेलं, तार उतरवली गेली. अध्यक्षीय भाषण अजून व्हायचं होतं, म्हणून साहेब निघून मात्र गेले नाहीत. जप्त केलेला आकडा मांडीवर घेऊन पुन्हा खुर्चीत बसले. व्यंकटीचं म्हणणं एवढंच होतं की, सरांनी भाषणात सांगितलं ते त्यानं केलं. सिद्धेश्वरनं चार वर्षांत पहिल्यांदा त्याची बाजू घेतली.

कुणीतरी गॅसबत्ती आणली. लोक उठायला लागले. महिनाभराची दगदग, दोन्हीकडचा चहा, चार दिवसांच्या शिव्या, सगळं मातीत जाताना शेषेराव उघड्या डोळ्यांनी बघत होते.

“बसा, बसा मंडळी!” अमृतराव मंचावर आले. “कार्यक्रम संपला न्हाई. सर आता स्वतः वाजवून दाखवतील!” आणि त्यांनी पुढं केली ती हलगी. मागच्या देवळातून आणवली होती, शेकून कडक केलेली, दोन काड्यांसकट. “घ्या सर. तुमच्या रक्तातच हाय ती. लाजायचं काय? कलेला जात नसते.”

हे ते प्रेमानं म्हणाले, हेच वाईट होतं.

शेषेरावांचे वडील मारोती गावात हलगी वाजवायचे. कुणाचं लग्न असो, कुणाचं मयत असो, कुठल्याही वेळी हाक आली की निघायचं. उन्हात, तापात, उपाशी, आणि ‘पुरे’ म्हणेपर्यंत थांबायचं नाही. छप्पन साली दीक्षा घेतल्यावर मारोतींनी हलगी नेऊन वेशीत ठेवली आणि म्हणाले, ज्याला पाहिजे त्यानं वाजवावी. पुढं तीन वर्षं त्या गावात लग्नं मुक्यानं लागली, पण कुणी हात लावला नाही. सोळा वर्षांचे शेषेराव तेव्हा बापाच्या मागं वेशीपर्यंत चालत गेले होते.

आता मात्र शेषेराव चिडचिडले नाहीत. महिनाभराची चिडचिड एकदम खाली बसली आणि राग आला, स्वच्छ राग. त्यांनी हात पुढं करून हलगी घेतली. पटांगणात टाळ्या झाल्या. बायकांच्या बाजूला पंचशीलाबाई उभ्या राहिल्या. शेषेराव दोन पावलं चालले आणि हलगी अमृतरावांच्या डाव्या हातात देऊन काड्या बोटांत नीट बसवल्या.

“अमृतराव, मी आज सांगायला आलोय. वाजवा तुम्ही.”

“मी?” अमृतराव हसले. “मला कुठं येतंय सर?”

“मला तरी कुठं येत व्हतं न्यूयॉर्कचं? शिकलो. कलेला जात नसते म्हणलात ना आत्ता?”

पटांगणात हशा पिकला. “वाजवा, देशमुख!” मागून कुणी ओरडलं. साहेबांनीही, संध्याकाळचं काहीतरी चीज व्हावं म्हणून, मांडीवरच्या आकड्यानं खूण केली. अमृतरावांना खाली ठेवता येईना. त्यांनी एक काडी मारली.

“चुकलं. आधी जाड काडी. चारच मात्रा हायेत. पुन्हा.”

अमृतरावांनी मारली.

“पुन्हा. हां, आता थांबायचं न्हाई. संपलं की परत तेच. मंडळी, ह्यालाच ब्रेकबीट म्हणतात.”

आणि शेषेरावांनी व्याख्यान जिथं तुटलं होतं तिथून पुढं सुरू केलं. हलगी वाकडीतिकडी वाजत होती, पण वाजत होती, आणि तिच्यावर ते ब्राँक्समधून गल्लीत, गल्लीतून तळघरात, तळघरातून शहराच्या क्लबांत गेले. हाकललेल्या पोरांच्याच तालावर हाकलणारे कसे नाचायला आले, ते सांगितलं. वेदना, दुष्काळ, काही मधे घातलं नाही. लोक टाळी धरून ऐकत होते. हलगी मंद झाली की शेषेराव मान न वळवता म्हणायचे, “अमृतराव, हात!”

वीस मिनिटं झाली. अमृतरावांचा सदरा पाठीला चिकटला. दोन मात्रांच्या मधल्या फटीत त्यांनी हळूच विचारलं, “सर, अजून किती वेळ?”

“आमच्या बापानं हे कधी विचारलं न्हाई,” शेषेराव म्हणाले. “वाजवा.”